दादाचे स्नायू चरबी जाळत नाहीत म्हणे, मग चालून उपयोग आहे का?

चिवलेकर: दादाचं वजन १४२ किलो. आम्ही मालवणचे. खाणं कमी केलंय, तरी काटा हलत नाही. डॉक्टर म्हणाले, एवढ्या वजनात स्नायूंची चरबी जाळायची ताकदच कमी असते. आता दादा म्हणतो, मग चालू कशाला? लवकर सांगा.

सड्यावरचा: वय? शुगर? थायरॉइड?

माडवाली: भात कमी करा, कुळदाची पिठी खावा. माझ्या मामाचा वजन तसाच उतारला.

फिजिओताई: डॉक्टरांचं बरोबर आहे, दादाने काढलेला अर्थ चुकीचा आहे. अतिस्थूल माणसाच्या स्नायूत चरबी कमी जळते आणि तिथेच साठते. तिच्यातून बनणारे सिरामाइडसारखे पदार्थ इन्शुलिनच्या कामात अडथळा आणतात, मग साखरही नीट आत शिरत नाही. वजन उतरलं तरी हा दोष आपोआप जात नाही; वजन उतरवायच्या, जठराच्या बायपास शस्त्रक्रियेने बारीक झालेल्यांतही तो सापडलाय. पण २००८ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात सलग १० दिवस व्यायाम करून घेतला, तेव्हा सडपातळ, लठ्ठ आणि वजन उतरवलेल्या अशा तिन्ही गटांतल्या बायकांचे स्नायू जास्त चरबी जाळू लागले. म्हणून दादाला तर चालायलाच हवं. काट्यावर लगेच दिसणार नाही, तरी.

दर्यावर्दी: चालण्यापेक्षा पोहणं बरं. गुडघ्यांवर भार नाही. आपल्या मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरण स्पर्धा होतात, वातावरण आहे.

सड्यावरचा: पावसात खवळलेल्या दर्यात? त्यांना पोहता येतं का हे तरी विचारलंत?

दर्यावर्दी: आत्ता जा कुठे म्हटलं? नारळी पौर्णिमेनंतर.

माडवाली: औंदा बंदरार नारळ लढवूची स्पर्धा आसा मां?

चिवलेकर: विषयावर या हो. वय ४४, थायरॉइड नॉर्मल. शुगर आहे, इन्शुलिन घेतो. त्याचा चालण्याशी काय संबंध?

फिजिओताई: फार मोठा संबंध आहे! चालताना स्नायू इन्शुलिनशिवायही रक्तातली साखर ओढून घेतात. वर टोचलेलं इन्शुलिन असलं की साखर एकदम खाली येऊ शकते. डोसचं डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नका. चालताना खिशात साखरेची पुडी हवीच. पाय बधिर होतात का? होत असतील तर वाळूत अनवाणी अजिबात नको.

चिवलेकर: तळव्यांना मुंग्या येतात म्हणतो. उद्याच दवाखान्यात नेतो. बूट कसले घेऊ?