ऑल्ड्रिज सॉ मिल: पूर्व टेक्सासच्या जंगलातलं हे गाव गेलं कुठे?

वाटसरू: अँजेलिना नॅशनल फॉरेस्टमध्ये नेचेस नदीजवळ ऑल्ड्रिजचे अवशेष पाहिले. बिनछपराच्या काँक्रीटच्या इमारती, भिंतींवर रंगवलेली नावं, आजूबाजूला नुसतं रान. इथे सॉ मिल होती म्हणे. लाकडाच्या मिलला काँक्रीट कशाला? आणि गावाचं साधं जोतंसुद्धा का सापडत नाही?

वाफेचं_इंजिन: काँक्रीटचं कारण आग. हॅल ऑल्ड्रिजची पहिली मिल लाकडी होती, 1911 साली जळाली. नव्याने उभारताना त्याने इमारती काँक्रीटच्या बांधल्या.

सुलभा_म: या मिलगावांवर माझा फार जीव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आग तिथे रोजचीच भीती. तिथलं झाड म्हणजे लाँगलीफ पाइन, लांब सुयांचं पाइन, राळेने भरलेलं, आणि बॉयलरमध्ये मिलचाच भुसा जाळायचे. ओंडके आधी तळ्यात सोडत, कारण सालीत अडकलेली वाळू करवतीचे दात खाते. मग ओंडका गाडीवर चढवून करवतीपुढे, तिथून फळ्या सुकवायच्या भट्टीत.

आता गाव. मिल नदीजवळ असली तरी माल रेल्वेने जायचा. ‘बर्स फेरी, ब्राउनडेल अँड चेस्टर’ ही छोटी लाइन रॉकलंडला मोठ्या रेल्वेला मिळत होती. अशा मिल जंगलात तात्पुरते रूळ टाकत, आसपासची झाडं संपली की तेच रूळ उपटून पुढे नेत. घरांचंही तसंच: कंपनीच्या मालकीची, फळ्यांची, ठोकळ्यांवर टेकवलेली. जोतं नव्हतंच, तर सापडणार कुठून? दुकान कंपनीचं, पुष्कळ ठिकाणी मजुरी कंपनीच्या टोकनांत, म्हणजे पैसा फिरून तिथेच. कृष्णवर्णीय कामगारांची वस्ती वेगळी. ही बाजू अवशेष बघताना कुणी सांगत नाही, याची मला चीड येते.

1920च्या दशकात मिल थांबली आणि गाव उठलं.

वाटसरू: पण झाडं परत वाढली असती ना?

सुलभा_म: वाढली असती, पण त्या काळचे वाफेचे स्किडर लांब तारेने ओंडके फरफटत रुळांपर्यंत आणत. वाटेतली कोवळी झाडं चिरडली जात, बी टाकायलाही मोठं झाड मागे राहत नसे. तोडा आणि चालते व्हा, हाच धंदा. माझ्या मते या गावांचा घात तिथेच झाला. 1930च्या दशकात सरकारने अशी उजाड जमीन विकत घेतली, सीसीसीच्या, म्हणजे बेरोजगार तरुणांना काम देणाऱ्या सरकारी योजनेच्या, पोरांनी पाइनची रोपं लावली, आणि 1936 साली अँजेलिना नॅशनल फॉरेस्ट झालं.

वाफेचं_इंजिन: यंत्रं बघायची असतील तर लुइझियानात लाँग लीफ नावाच्या गावी जा. क्रोवेल घराण्याची ती मिल 1892 पासून 1969 पर्यंत चालली, आता संग्रहालय आहे. स्किडर आणि रुळांवर उभा राहून ओंडके भरणारा मॅकगिफर्ट लोडर, दोन्ही तिथे आहेत.

सुलभा_म: लोडर नीट बघा. चाकं वर उचलून घेऊन तो स्वतःच्याच पायांवर उभा राहायचा, आणि रिकामे डबे त्याच्या पोटाखालून सरकत पुढे जायचे.