रोज लाईन जाते, नेट मोजकं: घरच्या रेकॉर्डिंगसाठी मीडिया सर्व्हर टिकवायचा कसा?

झाडीपट्टी_प्रेक्षक

नमस्कार मंडळी. गाव देसाईगंजपासून आत, घर टिनाच्या छताचं. दंडार (आपल्याकडचं लोकनाट्य), मंडळाच्या परवानगीने घेतलेली झाडीपट्टी नाटकं, खंजिरी भजनं आणि घरची लग्नं मिळून ६०० जीबी रेकॉर्डिंग आहेत. बहुतेक कॅमेऱ्याच्या एमटीएस फायली, थोड्या जुन्या डीव्हीडीवरून उतरवलेल्या. सामान असं: रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा कॉम्प्युटर बोर्ड, ४ जीबी; पुढे नुसता ‘पाय’), २ टीबीची बाहेरची यूएसबी डिस्क, पायवर जेलीफिन (घरचे व्हिडिओ टीव्हीला पुरवणारा सर्व्हर प्रोग्राम), टीव्हीला स्ट्रीमिंग स्टिक. पायला मोबाईलचा चार्जर. नेट म्हणजे फोनचा हॉटस्पॉट, दिवसाला २ जीबी.

लाईन गेली की पुन्हा आल्यावर डिस्क दिसते, पण तिच्यावर काही लिहिता येत नाही. स्क्रीनवर मधूनमधून पिवळ्या विजेचं चिन्ह येते. एमटीएस फाईल लावली की दर दोन सेकंदांनी अडकते. दुपारी तर डीव्हीडीच्या फायलीही अडकतात. आणि हॉटस्पॉटचा फोन घेऊन कोणी शेतात गेलं की टीव्हीला सर्व्हर सापडतच नाही. पुढे मोठ्या बाबांच्या घरीही हेच दाखवायचं आहे. मधे अंगण आणि बोळ, ४० मीटर अंतर. कुठून सुरुवात करू?

न्यूट्रल_अर्थिंग

भाऊ, सुरुवात विजेपासून करा. बाकीचं अर्धं दुखणं तिथूनच येतं.

पिवळी वीज म्हणजे बोर्डाला मिळणारा दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात. चार्जरवर ३ अँपिअर लिहिलेलं असलं तरी केबल खाऊन टाकते. हिशोब करा: बारीक केबलमध्ये जायच्या-यायच्या तारांचा मिळून ०.२ ओहम रोध असला, तर ३ अँपिअरला ०.६ व्होल्ट केबलमध्येच पडतात. ५.१ चे ४.५ झाले. डिस्क फिरायला लागते तेव्हा ती एकदम जास्त करंट ओढते, नेमका तेव्हाच दाब कोसळतो. म्हणून केबल अर्ध्या मीटरची आणि जाड घ्या.

लाईन जाण्यावर उपाय: घरी इन्व्हर्टर असेल तर मागचा स्विच बघा. यूपीएस मोडवर तो १०-२० मिलिसेकंदांत बॅटरीवर येतो, पायला कळतही नाही. साध्या मोडवर वेळ जास्त लागतो आणि बोर्ड रीस्टार्ट होऊ शकतो. पण गावात एक फसगत आहे. यूपीएस मोड साधारण १८० व्होल्टच्या खालची लाईन घेतच नाही. रब्बीत मोटरपंप सुरू झाले आणि दाब १७० वर आला की लाईन असूनही घर बॅटरीवर चालत राहतं, आणि खरी लाईन जाते तेव्हा बॅटरी रिकामी असते. त्यामुळे सर्व्हरला त्याची वेगळी छोटी बॅटरी देणं मला जास्त पटतं.

पाय, डिस्क आणि एक राऊटर मिळून १५ वॅट धरा. बॅटरीवाल्या फवारणी पंपात १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी येते, तीच कोणत्याही कृषी केंद्रात मिळते. तिचे ९६ वॅट-अवर, पण अर्धेच वापरायचे, नाहीतर ती वर्ष काढत नाही. कन्व्हर्टरची घट धरून पावणेतीन तास मिळतील. २६ अँपिअर-अवरची घेतली तर नऊ तास, म्हणजे रात्रभराची सोय.

१२ चे ५ करायला एक्सएल४०१५ चा बक कन्व्हर्टर (दाब कमी करणारं छोटं बोर्ड) लावा. त्याच कामाच्या एलएम२५९६ वर ३ अँपिअर लिहिलेलं असतं, पण उन्हाळ्यात २ च्या वर तो तापतो. पाय जोडण्याआधी मल्टिमीटर लावून आउटपुट ५.१ करून घ्या, मग कन्व्हर्टरच्या पितळी स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका. तो स्क्रू हलला आणि दाब वर गेला तर बोर्ड जागच्या जागी संपतो. करंट पायच्या सी पोर्टातूनच द्या. जीपीआयओ पिनांवर (बोर्डाच्या कडेच्या उघड्या पिना) दिला तर मधे कोणतंही संरक्षण राहत नाही. बॅटरीच्या लाल तारेवर, अगदी टर्मिनलजवळ, ५ अँपिअरचा फ्यूज हवाच. राऊटर थेट बॅटरीवर लावू नका. चार्ज होताना ती १३.८ ला असते आणि उतरताना ११.५ ला, म्हणून त्याला १२ चा बक-बूस्ट (आत येणारा दाब कमी-जास्त झाला तरी १२ च देणारा कन्व्हर्टर).

बॅटरीचा चार्जर १३.५ ते १३.८ व्होल्टवर थांबणारा घ्या. हे आकडे २५ अंशांचे आहेत. खोलीत ४५ अंश असताना दर अंशाला सुमारे १८ मिलिव्होल्ट कमी करावे लागतात, म्हणजे मे महिन्यात १३.३ च्या आसपास. तसं केलं नाही तर बॅटरी आतून सुकते आणि फुगते.

सगळ्यात धोकादायक गोष्ट मात्र लाईन जाणं नाही, डीपीवरचा (गावाच्या ट्रान्सफॉर्मरवरचा) न्यूट्रल सुटणं आहे. तेव्हा घरात २३० ऐवजी ३५०-४०० पर्यंत दाब येऊ शकतो. साधी सर्ज पट्टी क्षणभराचा झटका झेलते, असा सतत राहणारा जास्त दाब नाही. मीटरनंतर लगेच ओव्हर-व्होल्टेज कट-ऑफ बसवा. टीव्ही, फ्रिज सगळंच वाचेल.

फ्रेम_पंचवीस

विजेचं वर सगळं आलं. मी फायलींबद्दल लिहितो, कारण एमटीएस अडकण्याचा विजेशी संबंध थोडाच आहे.

व्हिडिओ चालू असताना जेलीफिनचा डॅशबोर्ड उघडा. तिथे ‘डायरेक्ट प्ले’ (फाईल जशीच्या तशी) दिसतं की ‘ट्रान्सकोडिंग’ (चालू असतानाच बदलून), ते बघा. तुमच्या फायलींना ट्रान्सकोडिंग दिसेल याची जवळजवळ खात्री आहे. एमटीएस म्हणजे १०८०आय: एका चित्राच्या सम-विषम ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या. स्टिकला ते जसंच्या तसं दाखवता आलं नाही की ती सर्व्हरला म्हणते, बदलून दे. ओळी जुळवायच्या, पुन्हा एन्कोड करायचं, तेही त्याच वेळी; पायचा प्रोसेसर त्यात मागे पडतो. तुमचे ते दोन सेकंद तिथले.

म्हणून फायली एकदाच, लॅपटॉपवर, बदलून घ्या. हँडब्रेक (व्हिडिओ बदलणारा फुकट प्रोग्राम) मध्ये फॉरमॅट एमपी४, व्हिडिओ एच.२६४, आरएफ (दर्जाचा आकडा, जितका कमी तितका दर्जा चांगला) २०, ऑडिओ एएसी १६०. फिल्टरमध्ये डीइंटरलेस (त्या ओळी जुळवणारा) चालू करून प्रीसेट ‘बॉब’ ठेवा आणि फ्रेमरेट ५०. साध्या डीइंटरलेसने २५ फ्रेम मिळतात आणि अर्धी हालचाल फेकली जाते. नाटकातल्या बैठ्या प्रवेशाला ते चालून जाईल, पण दंडारीत नाचणाऱ्यांचे पाय आणि टिपऱ्या झरझर हलतात, तिथे २५ आणि ५० मधला फरक साध्या डोळ्यांना दिसतो. डीव्हीडीच्या फायलींना आरएफ १८. मुळातच ७२० बाय ५७६ आहेत, आणखी घट सोसणार नाहीत.

एक काळजी. कॅमेरा लांब रेकॉर्डिंग २ किंवा ४ जीबीचे तुकडे करून ठेवतो. तुकडा कुठेही, वाक्याच्या मधे तुटलेला असतो. प्रत्येक तुकडा वेगळा बदलून मग जोडला तर जोडावर आवाज अर्धा क्षण गायब होतो, भजनात ठेका चुकल्यासारखा ऐकू येतो. आधी मूळ तुकडे क्रमाने जोडा (विंडोजच्या कॉपी आज्ञेत बायनरी जोडाची सोय आहे), मग एकच फाईल हँडब्रेकला द्या.

याचा दुसरा फायदा जागेत. १७ एमबीपीएसची एमटीएस तासाला ७.६५ जीबी खाते, म्हणजे तुमच्याकडे साधारण ७८ तासांचं रेकॉर्डिंग आहे. बदलल्यावर सरासरी ६ एमबीपीएस धरा, तासाला २.७ जीबी. सगळं मिळून २१० जीबी! ५०० जीबीच्या एसएसडीत मावतं. आता दुपारच्या अडकण्याकडे या. बाहेरच्या फिरत्या डिस्कच्या कागदावर बहुधा ३५ अंशांपर्यंतच चालवा असं लिहिलेलं असतं, आणि टिनाखाली मे महिन्यात आपल्याकडे ४५ च्या वर सहज जातं. एसएसडी साधारण ७० अंशांपर्यंत चालते आणि सुरू होताना करंटचा तो झटकाही ओढत नाही. मूळ एमटीएस पुसू नका. त्या २ टीबीच्या डिस्कवर ठेवून ती डिस्क सर्व्हरपासून काढा आणि मोठ्या बाबांच्या घरच्या कपाटात ठेवा. बॅकअप वेगळ्या छताखाली हवा.

पाय बोर्ड स्वतः ८० अंशांवर गती कमी करू लागतो. जाड अ‍ॅल्युमिनियमची केस घ्या, जी स्वतःच हीटसिंकचं काम करते. टीव्हीच्या बंद कपाटात नको. भिंतीच्या खालच्या भागात, उत्तरेकडच्या बाजूला लावा. कुलरसमोर ठेवण्याचा मोह होतो, पण ती हवा ओली असते आणि बोअरच्या जड पाण्याचा पांढरा क्षार कनेक्टरवर बसतो. कुलर खोलीत असू द्या, झोत बोर्डावर नको.

डिस्कवर लिहिता न येण्याचं कारण एनटीएफएस, म्हणजे तिचा विंडोजचा फॉरमॅट. मधेच लाईन गेली की तिच्यावर ‘नीट बंद झाली नाही’ अशी खूण राहते आणि लिनक्स ती फक्त वाचण्यापुरती उघडतो. एसएसडी एक्स्ट४ (लिनक्सचा फॉरमॅट) मध्ये फॉरमॅट करा, त्याचं जर्नल (बदलांची नोंदवही) स्वतःच सावरतं. एफएसटॅबमध्ये (डिस्क जोडण्याची यादी असलेली फाईल) यूयूआयडीने (डिस्कचा ओळखक्रमांक) जोडा, ‘नोफेल’ लिहा, म्हणजे डिस्क नसली तरी पाय सुरू होईल. आणि जेलीफिनच्या सर्व्हिसला डिस्क जोडली गेल्यावरच सुरू व्हायला सांगा. नाहीतर रिकामं फोल्डर बघून ते लायब्ररीतून नावं काढून टाकू शकतं, आणि कोणतं नाटक कुठपर्यंत पाहिलं त्याची नोंद जाते.

बारा_व्होल्ट

७८ तास बदलत बसण्यापेक्षा पाय बाजूला ठेवून एन१०० चिपचा मिनी पीसी घ्यावा असं माझं मत. त्यात इंटेलचं क्विक सिंक (व्हिडिओ बदलायची चिपमधलीच सोय) आहे, १०८०आय चालू-चालूच बदलून देतो. बरेच मॉडेल १२ व्होल्टवर चालतात, तेव्हा वरच्या बॅटरीवरही बसतात, फक्त मधे १२ चा बक-बूस्ट. जुना ऑफिसातला मिनी पीसी स्वस्त मिळेल, पण तो १९ व्होल्टचा असतो आणि वीज जास्त खातो, तो इथे नको.

फ्रेम_पंचवीस

मशीन चांगलं आहे, मान्य. तरी फायली बदलाच. उद्या स्टिक बदलली, टीव्ही बदलला, कोणी पेनड्राइव्हवर लग्न मागितलं, तर एमपी४ एच.२६४ सगळीकडे चालतं. लॅपटॉपला रात्री रांग लावून ठेवायची, माणसाला बसावं लागत नाही. हातात पाय ४ असताना नवा खर्च मी सुचवणार नाही.

बोळातली_फायबर

नेटवर्कचं राहिलं. भाऊ, घरातल्या घरात व्हिडिओ बघायला इंटरनेट लागतच नाही. तुमचं नेटवर्क फोनने बनवलेलं आहे, म्हणून फोन बाहेर गेला की ते मोडतं. एक साधा राऊटर घ्या, त्यात सिम नको, नेटची लाईन नको. पाय त्याला केबलने, स्टिक वायफायने. राऊटरमध्ये पायचा पत्ता कायम करून टाका, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०, आणि अ‍ॅपमध्ये तोच पत्ता पोर्ट ८०९६ सह लिहा. तुमचे २ जीबी जसेच्या तसे राहतात. नेट नसताना काही स्टिकांचं होम पान उघडत नाही; तेव्हा सेटिंगमधल्या अ‍ॅप्लिकेशनच्या यादीतून जेलीफिन उघडायचं.

मोठ्या बाबांच्या घरासाठी तांब्याची लॅन केबल उघड्यावरून नेऊ नका. अंतर चालतं, तिला १०० मीटरपर्यंत मुभा आहे. पण पावसाळ्यात जवळपास वीज पडली की ४० मीटरची तार दोन्हीकडचे पोर्ट जाळते, आणि दोन घरांचं अर्थिंग सारखं नसतं ते वेगळंच. फायबर टाका. गावातल्या केबलवाल्याकडे एफटीटीएचची (घरोघरच्या फायबरची) ड्रॉप केबल असते, दोन्ही टोकांना एससी कनेक्टर (फायबरची चौकोनी पिन) तोच लावून देतो. दोन सिंगल-फायबर मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल जोडणारे डबे) लागतात: एक ए, एक बी. एकाने १३१० नॅनोमीटरवर पाठवायचं आणि १५५० वर घ्यायचं, दुसऱ्याने उलट. दोन्ही ए आणले तर दिवा लागणारच नाही, दुकानातच बघून घ्या. १०० एमबीपीएसचे पुरतात, तुमचा व्हिडिओ ६ चा आहे. ड्रॉप केबलमध्ये काचेच्या शेजारी आधाराची स्टीलची तार असते. ती भिंतीबाहेरच हातभर सोलून कापा, घरात आणू नका, नाहीतर फायबर टाकून काय उपयोग!

वरून नेली तर वानरं लोंबकळतात. जमिनीतून न्यायची तर फूटभर खोल चर आणि त्यात ठिबकची १६ एमएमची नळी. मात्र प्लेन लॅटरल घ्या. आत ड्रिपर असलेल्या नळीत केबल दर फुटावर अडकते. केबल नळीत आधी ओवा, मग नळी चरात टाका. वळणं मोठी ठेवा, काटकोनात दुमडली तर आतली काच तुटते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

झाडीपट्टी_प्रेक्षक

मनापासून आभार. लॅपटॉप आजच रांगेला लावतो, चर धान निघाल्यावर. एकच विचारायचं राहिलं: लाईन जाऊन आली की पायचं घड्याळ मागे पडते, नवीन टाकलेली भजनं यादीत खाली जातात. बॅटरी लावल्यावर थांबेल का?

न्यूट्रल_अर्थिंग

बॅटरी पूर्ण उतरली तर पुन्हा होईल. पाय ४ मध्ये घड्याळ नसतंच, तो वेळ नेटवरून घेतो, आणि आता तुमचं नेटवर्क बिननेटचं असणार. डीएस३२३१ चं घड्याळाचं मॉड्यूल घ्या. पायला चार तारा जोडायच्या: ३.३ व्होल्ट, ग्राउंड आणि माहितीच्या दोन, एसडीए व एससीएल. पायच्या कॉन्फिग फाईलमध्ये आरटीसीची (या घड्याळाची) एक ओळ टाका आणि एकदा फोनचं हॉटस्पॉट देऊन वेळ बरोबर करून घ्या. मॉड्यूलवर चार्जिंगचा डायोड असेल तर तो काढा किंवा चार्ज होणारा सेल टाका. साधा सीआर२०३२ चार्ज केला तर तो फुगतो.