मदत हवी आहे: म्युनिकमध्ये नोंदणी होईल अशी खोली

नमस्कार मंडळी,

नाशिकचं एक जोडपं महिन्यापूर्वी इथे आलंय. खोली मिळाली, पण घरमालक आनमेल्डुंगसाठी, म्हणजे पत्त्याच्या सरकारी नोंदणीसाठी लागणारं राहत असल्याचं पत्र देत नाही. पत्रपेटीवर यांच्या नावाची चिठ्ठी लावली, तीही त्याने काढून टाकली! नियमाने राहायला गेल्यापासून २ आठवड्यांत नोंदणी व्हायला हवी. ती नाही, म्हणून टॅक्स आयडीही अडकलाय.

वहिनी ५ महिन्यांच्या गरोदर आहेत. काल फोनवर बोलता बोलता रडूच आलं त्यांना. मलाही माझे सुरुवातीचे दिवस आठवले.

नोंदणी करू देणारी खोली कुणाच्या माहितीत आहे का? आणि मराठी किंवा हिंदी समजणारी हेबामे, म्हणजे सुईण? घरमालकाशी जर्मनमध्ये नीट बोलू शकेल असं कुणी सोबत आलं तर फारच बरं होईल. कृपया मला मेसेज करा.