मदत हवी आहे: विकत घेतलेली ई-पुस्तकं उघडत नाहीत

नमस्कार मंडळी. आईला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून एका ॲपवर तिला २३ मराठी ई-पुस्तकं घेऊन दिली होती. अक्षर बोटभर मोठं करून ती रोज दुपारी वाचायची. परवापासून त्यातली चार उघडतच नाहीत. 'प्रकाशकाशी करार संपला' एवढंच उत्तर आलं, पैशांबद्दल चकार शब्द नाही. अटींमध्ये लिहिलंय की आपण पुस्तक नव्हे, फक्त वाचायचा परवाना घेतो. पण २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा ग्राहकांना पैसे परत दिले होते. मग इथे का नाही? १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर अशी तक्रार कुणी केली आहे का? सोबत काय जोडावं लागतं? आई अर्ध्यावर राहिलेल्या कादंबरीचं रोज विचारते.