मदत हवी आहे: प्युअर डेटाचे मेसेज टर्मिनलवर उमटत नाहीत

तारपेटी:
लॅपटॉपवरच्या प्युअर डेटामधून (चौकटी जोडून आवाजाचे प्रोग्राम, म्हणजे पॅच, बनवायचं सॉफ्टवेअर) रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर आकडे पाठवतोय. तिकडे पीडीरिसीव्ह (आलेले मेसेज टर्मिनलवर छापणारी कमांड) चालू आहे, पण एकही ओळ उमटत नाही. मेसेज पाठवणाऱ्या नेटसेंड चौकटीच्या आउटलेटवर १ येतोय, म्हणजे जोडणी झालीच आहे. पोर्ट ३०००. आज रात्रीपर्यंत हवंय, लवकर सांगा.

निळाधागा:
पीडीरिसीव्हची पूर्ण कमांड काय दिलीत? आणि कनेक्ट मेसेजमध्ये पत्ता कुठला? लोकलहोस्ट (म्हणजे तोच संगणक) असेल तर मेसेज लॅपटॉपबाहेर पडणारच नाही.

तारपेटी:
पत्ता पायचाच, पिंग जातोय. कमांड पीडीरिसीव्ह ३०००, दुसरी काय असणार?

खर्जस्वर:
हे सोडा, ओएससी (संगीताच्या प्रोग्रामांमध्ये मेसेज पाठवायची पद्धत) वापरा. पायवर लिब्लो-टूल्स पॅकेज टाका, त्यात ओएससीडम्प येतं. पोर्ट दिला की पत्ता, प्रकार, आकडे सगळं छापतं. उद्या सुपरकोलायडरकडे (आवाजाचं दुसरं सॉफ्टवेअर) वळलात तरी तेच चालेल.

बाजेवाला:
आवाज उशिरा येत असेल तर जॅकचा (आवाज हाताळणाऱ्या प्रोग्रामचा) बफर १२८ फ्रेमवर आणून बघा.

निळाधागा:
आवाजाचा प्रश्नच नाही इथे. आणि खर्जस्वर, साधं नेटसेंड फुडी पाठवतं: साधा मजकूर, शेवटी अर्धविराम. ओएससीडम्पला तो समजणार नाही. आधी ओएससीफॉरमॅट (मेसेज ओएससीत बदलणारी चौकट) जोडावं लागेल आणि नेटसेंडला डॅश यू, डॅश बी हे दोन्ही पर्याय.
तारपेटी, नेटसेंडच्या चौकटीत पुढे काय लिहिलंय?

तारपेटी:
नेटसेंड १. जुन्या पॅचमधून उचललंय. १ म्हणजे क्रमांक ना?

निळाधागा:
तिथेच घोळ आहे. तो १ म्हणजे यूडीपी (पोहोचल्याची खात्री न करता पाठवणं), जुन्या पद्धतीने लिहिलेला. आता त्याच जागी डॅश यू लिहितात. पीडीरिसीव्हला मात्र काही सांगितलं नाही तर ते टीसीपीवर (आधी जोडणी करून, खात्रीने पाठवणं) ऐकतं. कमांड अशी द्या: पीडीरिसीव्ह ३००० यूडीपी.
आउटलेटवरच्या १ वर जाऊ नका. पलीकडे कोणी ऐकतंय का, हे यूडीपी जोडताना तपासतच नाही. टीसीपी असतं आणि पलीकडे कोणी ऐकत नसतं, तर कन्सोलवर लगेच कनेक्शन रिफ्यूज्ड आलं असतं.

तारपेटी:
आलं! पण अर्धविराम काढायला आउटपुट पुढे पाइप करून टीआर (अक्षरं बदलणारी, काढणारी कमांड) लावलं की परत सगळं गप्प.

रात्रपाळी:
टीआरचं आउटपुट पुढच्या व्हाइल रीडला (ओळ-ओळ वाचणाऱ्या लूपला) पाइप केलंय का?

तारपेटी:
हो, अर्थात.

रात्रपाळी:
मग ते बफरमध्ये अडकलंय. आउटपुट पाइपमध्ये जात असेल तर टीआर ओळीगणिक सोडत नाही, साधारण ४०९६ बाइट साचले की एकदम सोडतं. टीआरऐवजी सेड (मजकूर बदलणारी कमांड) डॅश यू पर्यायासह लावा, ते साचवत नाही. ग्रेप (ओळी शोधणारी कमांड) वापरणार असाल तर त्यालाही लाइन-बफर्ड पर्याय द्यावा लागतो.

तारपेटी:
सेडने झालं. आभार!

खर्जस्वर:
ओएससीमध्ये अर्धविराम काढायची वेळच आली नसती. आकडा की शब्द, तेही मेसेजमध्येच लिहिलेलं असतं.

निळाधागा:
दोन आकड्यांसाठी फुडी पुरे. तारपेटी, चालू-बंदसारखे मेसेज असतील तर यूडीपीवर ठेवू नका, एखादा वाटेत हरवला तर पत्ता लागत नाही. टीसीपीवर जायला नेटसेंडपुढचा १ काढा, कमांडमधलं यूडीपी काढा, पायवर पीडीरिसीव्ह आधी सुरू करा आणि मगच कनेक्ट दाबा.