मोडी वाचता येणारे कुणी आहे का? (पापवा सेवगोलम आणि डर्बनच्या जुन्या डायऱ्या)

मंडळी, मदत हवी आहे. माझे आजेसासरे मूळचे रत्नागिरीकडचे, पण हयात गेली दक्षिण आफ्रिकेत, डर्बनला. ग्रे स्ट्रीटवर दुकान आणि रविवारी गोल्फ. त्यांच्या १९४० च्या दशकातल्या खिशात मावतील एवढ्या डायऱ्या आता माझ्याकडे आल्यात. सगळं पेन्सिलीनं आणि मोडीत. त्यांत एका पानावर गोल्फर पापवा सेवगोलमचा उल्लेख असावा, असं वाटतंय.

पापवा सेवगोलमचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही, याचं मला फार वाईट वाटतं. डर्बनच्या गरीब भारतीय घरातला हा मुलगा बीचवूडच्या गोल्फ मैदानावर कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या स्टिक वाहणारा पोरगा, होता. उजव्या हाताचा खेळाडू, पण स्टिक धरायचा उलटी, डावा हात खाली. १९५९, १९६० आणि १९६४ ची डच ओपन त्यानं जिंकली. १९६३ साली नाताळ ओपन (नाताळ म्हणजे डर्बनचा प्रांत) जिंकला, तेव्हा क्लबहाउसात फक्त गोऱ्यांना प्रवेश, म्हणून चषक त्याला बाहेर, पावसात दिला. १९६५ ला त्याच स्पर्धेत गॅरी प्लेअरला मागे टाकलं. पुढे सरकारनं गोऱ्यांच्या स्पर्धाच त्याला बंद केल्या.

हे सगळं छापून आलेलं आहे. मी शोधतोय ते त्याच्या आधीचं, पोरवयातलं. पापवाला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यामुळे त्या दिवसांबद्दल त्याच्या हातचं काहीच मिळणार नाही. बरोबरच्या कुणी टिपून ठेवलं असेल तेवढंच.

एका पानावर वर तांदळाचा भाव आणि उधारी आहे. खाली 'बीचवूड', मग 'पा' ने सुरू होणारं एक नाव, आणि त्याला लागूनच 'उलटे हात' असं मला लागलं. पण मोडीत शब्द सलग, त्यामुळे नाव कुठे संपतं ते कळत नाही. निव्वळ माझ्या वाचनावर 'हा पापवाच' असं म्हणायला मी तयार नाही.

विसाव्या शतकातलं घरगुती, घाईतलं मोडी वाचायची सवय असलेलं कुणी आहे का? दफ्तरी वळण (जुन्या सरकारी कागदांतलं मोडी) येणाऱ्यांना हे जड जाईल असं वाटतं. दुसरं, डर्बनच्या गांधी-लुथुली संग्रहात कुणी काम केलंय का? 'इंडियन ओपिनियन' आणि 'लीडर'च्या त्या वर्षांच्या अंकांत भारतीयांच्या गोल्फ सामन्यांचे निकाल येत असतील, तर डायरीतल्या तारखा ताडून बघता येतील.

कागद फार ठिसूळ झालाय, म्हणून सध्या फक्त फोटो काढतोय. वाचायची तयारी असेल त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आधी ते एकच पान पाठवतो.