प्वारोच्या चारच कादंबऱ्या उरल्या आहेत. पुढे काय वाचावे?

नौपाड्याची वाचक :
गेल्या ऑगस्टपासून माझ्या वडिलांचे डायलिसिस आठवड्यातून तीनदा चालू आहे. दर वेळी चार तास जातात आणि तेवढा वेळ मी कक्षाबाहेरच्या खुर्चीवर बसून अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांच्या गुप्तहेर हर्क्युल प्वारोच्या कादंबऱ्या वाचते. एरवी मला आत्मचरित्रे आवडतात, पण सध्या त्यांत आजारपणाचे पान आले की पुस्तक मिटावेसे वाटते. प्वारो मात्र टेबलावरच्या वस्तू एका रेषेत लावून ठेवतो, मिशीची निगा राखतो, सर्वांना एका खोलीत बसवून उलगडा करतो, आणि आतून सिस्टरची हाक येईपर्यंत माझे मन थाऱ्यावर राहते. ३३ पैकी २९ कादंबऱ्या वाचून झाल्या. शेवटच्या कादंबरीत त्याचा मृत्यू होतो हे ठाऊक असल्यामुळे पुढची हाती घेण्याचे धाडस होत नाही. मराठीत वाचता येईल अशी दुसरी मोठी मालिका कोणी सुचवावी. हे वाचन म्हणजे पळवाट आहे, असे घरातल्या वडीलधाऱ्यांनी सुनावले, तेही मनाला लागून राहिले आहे.

वाशीकर :
ताई, प्वारोचा जन्मच मुळी रुग्णालयाच्या औषधालयातला आहे. पहिल्या महायुद्धात ख्रिस्तीबाई इंग्लंडमधील टॉर्की येथे औषधे तयार करून देण्याचे काम करीत होत्या. तेथेच त्यांना विषांची माहिती झाली आणि १९१६ मध्ये त्यांनी पहिली कादंबरी लिहिली, जी १९२० मध्ये प्रसिद्ध झाली. प्वारो स्वतः युद्धामुळे बेल्जियम सोडून आलेला निर्वासित आहे. ज्या कथा अशा दिवसांत लिहिल्या गेल्या, त्या तशाच दिवसांत वाचणाऱ्याला पळपुटे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. आणि शेवटच्या कादंबरीविषयी : ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून झाली होती, पण बाईंनी ती सुमारे तीस वर्षे तिजोरीत ठेवली, त्यानंतरही प्वारोच्या कथा लिहिल्या आणि ती १९७५ मध्ये प्रसिद्ध होऊ दिली. तुम्हीही ती खुशाल कपाटात ठेवा.

कळव्याचा जुना सभासद :
माझे वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपात घरी पगार येईना, तेव्हा ते उंबऱ्यावर बसून बाबूराव अर्नाळकर वाचत. खाकी कागदाचे वेष्टन घातलेली, कोपरे मऊ पडलेली ती पुस्तके मला अजून दिसतात. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, त्यामुळे झुंजार आणि काळा पहाड हे त्यांचे नायक कधी संपतील ही धास्ती वाचकाला नव्हती. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासूनचे आहे. तेथे एकदा चौकशी करून पाहावी.

घणसोलीची वाचक :
माझे मत ब्योमकेश बक्षीला. बंगाली लेखक शरदिंदू बंद्योपाध्याय यांच्या या रहस्यकथांचे मराठी अनुवाद झाले आहेत आणि पूर्ण झालेल्या कथा ३२ आहेत. स्वतःला गुप्तहेर न म्हणवता ‘सत्यान्वेषी’ म्हणवणारा हा माणूस कथांच्या ओघात लग्न करतो, संसार थाटतो; चहा येतो, मित्र अजित शेजारी बसलेला असतो, आणि गुंता सुटण्याआधीच आपल्याला त्या घरात बरे वाटू लागते. लेखक १९३८ मध्ये चित्रपटांच्या कामासाठी मुंबईत आले आणि पुढे पुण्यात राहिले; मालिकेत काही वर्षांचा खंड पडला, पण ते ब्योमकेशकडे परतले. कथा क्रमाने वाचा. संसाराचा धागा हातून सुटता कामा नये. एका बैठकीला एकच कथा पुरे.

नौपाड्याची वाचक :
सर्वांचे मनापासून आभार. ब्योमकेशचा पहिला भाग आणला आहे. मंगळवारी आत सोडले तेव्हा वडिलांनी वेष्टन पाहून तो मोठ्याने वाचायला सांगितला. सुई टोचलेला हात त्यांनी हलवला नाही, पण गुन्हेगार कोण याबद्दल त्यांनी दोनदा माझ्याशी वाद घातला. वेळ संपली तेव्हा कथेची सहा पाने उरली होती. ती त्यांनी गुरुवारसाठी राखून ठेवायला सांगितली आहेत.